पाठमोरी चढणारी मोटार

मोटार घेऊन लांबच्या प्रवासाला सगळ्यात आधी कोण निघालं, ठाऊक आहे? एक बाई. जर्मनीतली. नवऱ्यानं तीन चाकांची गाडी बनवली खरी, पण लोक हसतील म्हणून ती घराच्या आसपासच फिरवत बसला. शेवटी ही एक दिवस पहाटे उठली, दोन पोरांना बरोबर घेतलं, नवऱ्याला न विचारता गाडी काढली आणि थेट माहेरी गेली. वाटेत तेल संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून घेतलं. नळीत घाण अडकली तेव्हा टोपीची पिन घालून काढली. चढ आला की पोरांनी ढकलायचं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकटीच मोठ्यांदा हसले. म्हटलं, ही बाई आमच्या नांदूरघाटचीच असणार, जर्मनीत चुकून जन्मली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. बदली झाली की बाकीच्या बाया विचारायच्या, पाणी कुठं भरायचं, गिरणी कुठं आहे. मी विचारायचे, वाचनालय आहे का? बीडच्या रद्दीवाल्यानं मला ओळखून ठेवलं होतं. मोटारीचं चित्र असलेला कुठलाही कागद आला की माझ्यासाठी बाजूला काढायचा. इंग्लंडात म्हणे एके काळी मोटारीच्या पुढं एक माणूस लाल झेंडा घेऊन चालायचा, लोकांनी बाजूला व्हावं म्हणून. तो कायदा तिकडं कधीच गेला. आमच्याकडं पुढाऱ्याच्या गाडीपुढं माणसं अजून झेंडे घेऊन पळतात, कायदा नसताना.

पण हे वेड मला कागदांनी लावलं नाही. बाबांनी लावलं. आणि त्या बाबांच्या गाडीपायी मी एका माणसाचा सूड घेतला. अगदी ठरवून, मनापासून घेतला. देवाधर्माचं वय झालं, आता क्षमा करावी, असं मला पुष्कळ जणांनी सांगून पाहिलं. त्यांच्या बापाची गाडी गेली नव्हती.

निजामाच्या राज्यात आमच्या भागात एक जहागीरदार होते. त्यांनी हैदराबादहून मोटार आणली. काळी, उंच, लाकडी आऱ्यांची चाकं, पुढं पितळेचे दिवे. आल्या दिवशी बायांनी तिला ओवाळलं आणि बैलांनी दावी तोडली. जहागीरदारांच्या घोड्यांची निगा राखायला आधी माझे आजोबा होते, मग बाबा. मालकांना वाटलं, घोडा कळतो त्याला मोटारही कळंल. त्यांनी बाबांना हैदराबादला पाठवून शिकवून आणलं.

ती गाडी आताच्या गाड्यांसारखी नव्हती. तीन पेडलं होती, पण त्यातलं वेग वाढवायचं एकही नाही. वेग हातानं, स्टिअरिंगच्या चाकाजवळच्या दांडीनं. मधलं पेडल दाबलं की गाडी मागं. पुढच्या बाजूनं लोखंडी हँडल घालून फिरवायचं, तेव्हा इंजिन जागं व्हायचं. ठिणगीची दांडी आधी वर करायला विसरलात तर हँडल उलटं फिरून मनगट मोडायचं. जगात अशी किती मनगटं मोडली त्याला गणती नाही.

आणि तिची एक खोड होती. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली. पंप नाही, काही नाही. पेट्रोल आपलं आपण वाहत इंजिनापर्यंत जायचं, पाटातलं पाणी वाफ्यात जातं तसं. सपाटीला काही अडचण नाही. पण गाडी चढाला लागली की तोंड वर होतं, इंजिन वर जातं, टाकी खाली राहते. पाटाचं पाणी कधी चढाला चढलंय का? टाकी निम्मी असली की गाडी मधेच गप्प. म्हणून बाबा घाटाच्या पायथ्याला गाडी फिरवायचे आणि सगळा घाट मागच्या मागं चढायचे. तशी टाकी वर आणि इंजिन खाली राहतं. त्यात मागं जायचा गिअर सगळ्यात ताकदीचा. बाबांचं एक वाक्य होतं, "घाटाला तोंड दाखवायचं न्हाई, पाठ दाखवायची." आसपासच्या गावांत ही मोठी करमणूक होती. पाठमोरी मोटार चढताना बघायला पोरीबाळी शेणाच्या पाट्या खाली ठेवून उभ्या राहायच्या.

जहागिरी गेली तेव्हा मालक बिऱ्हाड घेऊन हैदराबादला निघाले. पारावर गावची माणसं जमली होती. त्यांच्यासमोर मालकांनी ते लोखंडी हँडल बाबांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "गाडी तुझी. माझ्या हातानं ती एकदाबी चालू झाली न्हाई." कागद नाही, शिक्का नाही. तेव्हा चार माणसांत बोललेलं पुरत असे.

बाबांनी गाडीसाठी गोठ्याला लागून छप्पर घातलं. मी सोळा वर्षांची झाले तेव्हा त्यांनी मला ती चालवायला शिकवली. आई म्हणाली, पोरगी लग्नाची झाली आणि तुम्ही तिला काय शिकवताय? बाबा म्हणाले, "सासरी रुसून यायची येळ आली तर हिला यष्टीची वाट बघायला नको." तेव्हा त्यांना त्या जर्मन बाईचं काही ठाऊक नव्हतं.

गाडीचा सण म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी घरोघर कोयते, नांगर, पाभर, सगळी हत्यारं पुजतात. आमच्याकडं मोटार पुजली जायची. झेंडूचा हार, हळदकुंकू, चार चाकांखाली चार लिंबं. पुजलेलं वाहन एक चाकफेर तरी हलवायचं आणि लिंबं फोडायची, हा बाबांचा नेम. नाही हलवलं तर गाडी वर्षभर रुसते म्हणायचे. पेट्रोल नसलं तर आम्ही सगळे मिळून ढकलायचो, पण लिंबं फोडायचोच.

मग तो मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, खडी फोडायच्या कामावर सगळं गाव गेलं, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. दुष्काळ सरला आणि आमच्या पट्ट्यात साखर कारखान्याची हवा सुरू झाली. पुढाकार घेणारा माणूस बागायतदार, बोलायला मिठ्ठास. पुढं तोच चेअरमन झाला आणि जन्मभर चेअरमनच राहिला. कारखान्याचं नाव मी लिहीत नाही, चेअरमनचंही लिहीत नाही. ज्यानं आमचं नाव पुसलं त्याचं नाव मी माझ्या हातानं का म्हणून लिहू?

पायाभरणीच्या मिरवणुकीसाठी तो गाडी मागायला आला. बाबांच्या शेजारी घोंगडीवर बसला, कळशीतलं पाणी आपल्या हातानं घेऊन प्याला. म्हणाला, "दादा, आठ दिवस द्या. आता सहकार आलाय. सहकार म्हंजी काय? सगळ्याचं ते सगळ्याचं." बाबांना हे फार आवडलं. त्यांनी स्वतः गाडी धुतली, स्वतः चालवत नेली आणि हँडलही देऊन आले. सगळ्याचं म्हणजे त्याचं, हे कळायला आम्हाला वेळ लागला.

गाडी परत आली नाही. आज देतो, उद्या देतो, गाळप संपू द्या, निवडणूक होऊ द्या. एक दिवस बाबा बघायला गेले तर कारखान्याच्या दारात चौथरा बांधून त्यावर गाडी चढवलेली, भोवती साखळी, आणि पुढं पाटी. बाबांनी बोट फिरवत अक्षरं लावली. लिहिलं होतं, या तालुक्यातली पहिली मोटार, चेअरमनसाहेबांच्या आजोबांनी आणलेली आणि चालवलेली. त्याचा आजोबा! ज्यानं जन्मात बैलगाडीचा कासरा धड धरला नाही, तो! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

बाबा घरी आले आणि न जेवता गोठ्यात जाऊन बसले. मी भांडायला निघाले तर म्हणाले, "जाऊ दे. हाय तिथं सावलीत हाय." सावली कसली, उन्हात रंग उडत होता. पण बाबा तसेच होते. घोड्यांत आयुष्य गेलेलं, माणसाशी भांडण जमायचं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. दर खंडेनवमीला हार आणि चार लिंबं घेऊन ते कारखान्याला जायचे. गाडी चौथऱ्यावर असल्यामुळं हलवता यायची नाही, मग लिंबं नुसती चाकाला लावून ठेवायचे. एका वर्षी चेअरमन तिथंच उभा होता, पाहुण्यांना पाटी दाखवत. त्यानं वॉचमनकडं नुसतं बघितलं. वॉचमननं बाबांना फाटकातच अडवलं आणि म्हणाला, "म्हातारबा, लांबूनच हात जोडा." मी बरोबर होते. बाबांनी चप्पल काढली, फाटकाबाहेरून हात जोडले, हार साखळीला अडकवायला वॉचमनच्या हातात दिला आणि मागं फिरले. पुढच्या खंडेनवमीला ते गेलेच नाहीत, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात वारले.

त्या दिवशी फाटकात मी मनाशी म्हटलं होतं, चेअरमन, हे वाक्य मी तुझ्या घशात घालीन. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो सज्जन माणूस. म्हणाला, "सोड की आता. मोठ्या माणसाशी वैर कशाला?" सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं माझं आहे. मी सोडलं नाही, पण करणार काय? मी शाळा शिकवत राहिले, जुन्या मोटारींचे कागद जमवत राहिले आणि त्या कारखान्यावरून यष्टी गेली की तोंड दुसरीकडं करत राहिले.

वर्षं गेली. परत दुष्काळ आला. ऊस जागेवर वाळला. शिरूर कासारकडच्या माणसांसारखी आता आमच्याकडचीही माणसं कोयते घेऊन ऊस तोडायला दूरच्या कारखान्यांना गेली. घरी म्हातारी, चारा छावणीत जनावरं आणि टँकरच्या रस्त्याकडं लागलेले डोळे. अशा वर्षी चेअरमनला कारखान्याची पंचविशी साजरी करायची होती. दसऱ्याला मुंबईहून मंत्री येणार, बॉयलर पेटणार, कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडणार. आणि मोळी टाकायच्या आधी चेअरमन आजोबांच्या मोटारीत बसून, स्वतः चालवत, कारखान्यामागच्या टेकडीवर देवीच्या दर्शनाला जाणार. त्यानं पुण्याहून मिस्त्री आणून गाडी चालूही करून घेतली. पण मिस्त्री इंजिनाचा माणूस. ती तीन पेडलं आणि दोन दांड्या घेऊन हाकायची कशी, हे आता या मुलखात एकाच माणसाला ठाऊक होतं.

शाळेसमोर जीप आली. "साहेबानं बोलावलंय." मी वर्ग मॉनिटरच्या हवाली केला आणि गेले.

किती वर्षांनी मी त्या गाडीजवळ उभी होते! रंग नवा होता, पण सीटच्या कडेला बाबांनी दाभणानं घातलेले टाके तसेच होते. मला रडू आलं आणि त्या माणसासमोर आलं म्हणून जास्तच संताप आला.

चेअरमन म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमच्या म्हाताऱ्यानं तुमाला शिकवलंय म्हणं. आमालाबी शिकवा की."

मी म्हटलं, "शिकवते, साहेब. पण ती पाटी बदला. गाडी कुणाची, चालवली कुणी, ते खरं लिहा. माझ्या बाबांचं नाव लावा. मला दुसरं काही नको."

तो हसला. "हात्तिच्या! एवढंच व्हय? देवीची आण. दसऱ्याच्या आत तुमच्या म्हाताऱ्याचं नाव लागलं म्हणून समजा."

मी शिकवलं. अगदी नीट शिकवलं, एक गोष्ट लपवली नाही. हँडल कसं धरायचं, अंगठा कुठं ठेवायचा, ठिणगीची दांडी कधी वर, कधी खाली. गडी शिकला मात्र चटकन, जे आहे ते आहे. सपाटीवर मस्त चालवायला लागला. मग मी म्हटलं, "साहेब, आता चढाचं. टेकडीवर जायचं तर गाडी पाठमोरी न्यावी लागती." टाकीचं सांगितलं, पाटाच्या पाण्याचं सांगितलं. शेतकऱ्याचं पोर, त्याला ते कळलं नाही असं नाही.

"देवीला पाठ दाखवत जाऊ?" तो म्हणाला. "दसऱ्याला? मंत्री गाडीत, सभासद खाली उभे, आन् मी पाठमोरा? आवं बाई, दर्शन करून निघतानाबी आमी देवीला पाठ करीत न्हाई. मागं मागं सरकत उंबऱ्याभाईर येतो."

"तुमची मर्जी," मी म्हटलं.

"तुमचा म्हातारा न्हेत असंल तशी. नोकराला काय, त्यानं कुठंबी तोंड करावं."

आजूबाजूचे संचालक हसले. मी पदर नीट केला आणि जीपमधून परत आले. एकदा सांगितलं होतं. परत परत सांगायला मी काही त्याची आई नव्हते.

दसऱ्याच्या सकाळी मी कारखान्यावर गेले ती सरळ चौथऱ्याकडं. पाटी खरंच नवी रंगवलेली होती. अक्षरं आधीपेक्षा मोठी, सोनेरी. मजकूर तोच. चेअरमनसाहेबांचे आजोबा. देवीची आण घेऊन सांगितलेलं खोटं दसऱ्याच्या उन्हात चकाकत होतं. मी ती पाटी शेवटपर्यंत दोनदा वाचली. म्हटलं, ठीक आहे. आता बघू देवी कुणाची.

बाहेर लोकांचं डोकं आधीच फिरलं होतं. आमच्या वस्तीचा टँकर सकाळी आलाच नव्हता. तो इथं उभा होता. त्याच पाण्यानं मोटार धुतली, त्याच पाण्यानं टेकडीचा रस्ता शिंपडला, मंत्र्याच्या कपड्यावर धूळ बसू नये म्हणून. रिकाम्या घागरी घेऊन आलेल्या बाया ते ओलं बघत कडेला उभ्या होत्या. कुणी काही बोलत नव्हतं. बोललं तर पुढच्या वेळी टँकर येणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

हलगी वाजायला लागली. मोटार निघाली. पुढं चेअरमन, फेटा, गळ्यात हार. मागं मंत्री. मागोमाग सजवलेली बैलगाडी, तिच्यात देवीच्या पायाला लावायचा पहिल्या मोळीचा ऊस, कुठून तरी पाणी देऊन वाचवलेला. सपाटीवर सगळं झोकात चाललं. एक हात सोडून चेअरमन लोकांना नमस्कारसुद्धा करत होता.

चढ लागला. गाडी निम्मा चढ चढली. मग इंजिन खोकलं. एकदा, दोनदा, आणि गप्प झालं. पेट्रोल निम्मी टाकी होतं, पण टाकी खाली होती. गाडी क्षणभर जागेवर थांबली आणि हळूच मागं यायला लागली.

"दगड लावा, दगड!" चेअरमन ओरडला. मागचे लोक पांगले, हलगीवाला हलगी टाकून पळाला. शिंपडलेल्या रस्त्यावर ब्रेक कसला धरतोय! गाडी मागच्या मागं घसरत आली, बैल बुजून बाजूला वळले आणि ती बैलगाडीच्या चाकाला टेकून उभी राहिली. कुणाला खरचटलंही नाही. बैलगाडी मात्र कलंडली आणि पहिल्या मोळीचा ऊस रस्त्यावर पसरला. छावणीतून काही गुरं सोडून पाण्याला नेत होते, ती सगळं सोडून त्या उसावर आली. मंत्री गाडीत हार सावरत बसलेले आणि समोर म्हशी पहिली मोळी खातायत. आधी एक बाई हसली. मग घागरी घेतलेल्या सगळ्याच हसल्या. मग सभासद हसले, आणि पंचवीस वर्षं ज्यांनी त्याच्यापुढं मान वर केली नव्हती ते पोटं धरून हसले.

मी हसले नाही. मी नुसती त्याच्याकडं बघत होते.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. काठी आपटत ओरडली, "आरं, पाठमोरी न्या की! ही गाडी पाठमोरी चढती! मी पोर हुते तवा घाटात बघितलीया. घोडेवाल्याचं पोरगं न्हेत हुतं!"

घोडेवाल्याचं पोरगं. माझे बाबा. पंचवीस वर्षांत सगळ्या लोकांसमोर त्यांचा उल्लेख पहिल्यांदा झाला. मग बाकीचे म्हातारे बोलायला लागले. व्हय व्हय, तोच चालवायचा. ह्यांचा आजा? ह्यांचा आजा तर मोटार बघून उसात पळाला हुता! हे मला नवीनच होतं, पण मला ते फार आवडलं.

चेअरमनचा चेहरा उतरला होता. त्यानं मला गर्दीत बघितलं. आवाज खाली आणून म्हणाला, "चला बाई, तुमीच न्या आता वर." आणि स्वतः मागच्या सीटकडं वळला, मंत्र्याशेजारी बसायला.

मी म्हटलं, "पाठमोरी चढताना वजन चालत नाही, साहेब. दोघंबी उतरा." हे तितकंसं खरं नव्हतं. जहागीरदार चांगले भारदस्त होते आणि बाबा त्यांना घेऊन अख्खा घाट चढायचे.

दोघं उतरले. लोकांनी गाडी ढकलत फिरवली. मी पदर खोचला, ठिणगीची दांडी वर केली, पुढं जाऊन हँडल धरलं. अंगठा बाजूला. एक झटका. इंजिन लागलं. बाबांच्या टाक्यांवर बसले, मधलं पेडल दाबलं आणि गाडी देवीकडं पाठ करून चढायला लागली.

आता एक सांगते. पाठमोरी गाडी हाकणाऱ्याचं तोंड पुढं नसतंच. मान वळवून मागं बघावं लागतं, नाहीतर खड्ड्यात जाल. म्हणजे सगळा चढ मी देवीकडंच बघत होते, तिच्या कळसावरून नजर न काढता. चेअरमननं एकदा जरी पाठमोरी चालवून बघितली असती तरी त्याला हे कळलं असतं. एकदाच, निम्म्या चढावर, मी मान पुढं करून खाली बघितलं. सगळे लोक माझ्याकडं तोंड करून मागोमाग वर येत होते. तो तिथंच खाली उभा होता, फेटा हातात घेऊन.

वर देवळापुढच्या पटांगणात गाडी उभी केली. लोक जमले. गुरव आरतीचं ताट घेऊन आला. मी घरून येताना चार लिंबं घेऊनच आले होते, आता हे कबूल करायला हरकत नाही. ती चाकांखाली ठेवली, गाडी एक चाकफेर हलवली, लिंबं फुटली. मग इंजिन बंद केलं, हँडल काढून हातात घेतलं, उंबऱ्यापाशी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आई, ही माझ्या बापाची गाडी. पारावर चार माणसांत त्याला मिळालेली. त्याच्या नावानं तुला वाहिली. आजपासून तुझी."

मग त्या म्हातारीनंच आवाज दिला, "उदो उदो!" आणि सगळी टेकडी उदो उदो म्हणाली. गुरवानं गाडीच्या दिव्यांना कुंकू लावलं. संपलं. देवीला वाहिलेली वस्तू परत घ्यायची छाती आमच्या जिल्ह्यात कुणाची नाही. मग तो सरपंच असो, आमदार असो नाहीतर चेअरमन.

त्यानं प्रयत्न केला. दोन दिवसांनी ट्रॅक्टर आणि दोरखंड पाठवले. ट्रॅक्टरवाला वर आला, गाडीवरचं कुंकू बघितलं, चप्पल काढून पाया पडला आणि रिकामा ट्रॅक्टर घेऊन खाली गेला.

गाडी मला हवी होती. खोटं कशाला बोलू? आयुष्यभर जिचा ध्यास घेतला ती माझ्या दारात उभी असती तर मला काय कमी आनंद झाला असता? पण घरी आणली असती तर त्यानं पोलीस पाठवले असते, कोर्ट लावलं असतं, आणि आमच्याकडं कागद नव्हता. देवीकडं कुणी कागद मागत नाही.

आता गाडीला पत्र्याची शेड आहे. शेडच्या खांबावर दगडात बाबांचं नाव कोरलंय, मोठ्या अक्षरांत, गावकऱ्यांनी. कारखान्याच्या दारातला चौथरा रिकामा आहे. त्याच्यावर आता एक शेळी बसते.

हँडल माझ्या घरी असतं. दर खंडेनवमीला मी ते घेऊन टेकडीवर जाते, हार घालते, लिंबं ठेवते, गाडी चालू करते, एक चाकफेर हलवते. दसऱ्याला चेअरमनला देवीच्या दर्शनाला वर यावंच लागतं, नाही आला तर सभासद बोलतात. गुडघे गेलेत, चालत येतो, मधे दोन ठिकाणी बसतो. आणि देवीचं वाहन म्हणून गाडीच्या पाया पडल्याशिवाय देवळात कुणी जात नाही, तशी रीत पडलीय.

पहिल्या वर्षी तो आला तेव्हा मी शेडच्या दारातच उभी होते. चप्पल काढून तो पुढं आला, गाडीच्या दिव्याला हात लावायला वाकला. मी हँडल आडवं धरलं.

"साहेब," मी म्हटलं, "लांबूनच हात जोडा."

त्यानं जोडले.